बॉम्बला पत्ता कोण सांगतं?

१९९१ च्या आखाती युद्धानं टीव्हीसमोर बसलेल्या जगाला एक नवं दृश्य दिलं. करडा पडदा, मधोमध फुली, फुलीखाली एखाद्या इमारतीचं छत, आणि पुढच्या क्षणी सगळा पडदा पांढरा. आवाज नाही, माणूस दिसत नाही. अशा चित्रफिती इतक्यांदा दाखवल्या गेल्या की ते अख्खं युद्ध असल्याच बॉम्बांनी लढलं गेलं असं पुष्कळांना आजही वाटतं. प्रत्यक्षात त्या युद्धात विमानांतून पडलेल्या दर दहा बॉम्बांमागे नऊहून जास्त बॉम्ब साधे, म्हणजे सुटल्यावर स्वतःची दिशा बदलू न शकणारे होते. त्यांच्या चित्रफिती कुणी दाखवल्या नाहीत, कारण दाखवण्यासारखं काही नव्हतं.

अचूक बॉम्बांविषयी बोलताना दोन प्रश्नांची नेहमी गल्लत होते. सांगितलेल्या ठिकाणी बॉम्ब पोचतो का, हा एक. आणि सांगितलेलं ठिकाण बरोबर होतं का, हा दुसरा. गेल्या ऐंशी वर्षांत पहिल्या प्रश्नावर अफाट काम झालं. दुसरा प्रश्न मात्र मोठ्या प्रमाणात तिथेच आहे. पण पहिला प्रश्न मुळात इतका अवघड का होता, हे आधी बघू.

विमानातून सुटलेला बॉम्ब सरळ खाली पडत नाही. सुटताना त्याच्या अंगात विमानाचाच वेग असतो. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. सहा हजार मीटर उंचीवरून पडायला, हवेचा अडथळा हिशेबात न धरता, साधारण ३५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात बॉम्ब पावणेनऊ किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे लक्ष्य अजून पावणेनऊ किलोमीटर लांब असतानाच बटण दाबायचं. विमानाचा वेग मोजण्यात सेकंदाला एका मीटरची चूक झाली, तर जमिनीवर ३५ मीटरचा फरक पडतो. बटण दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर सव्वाशे मीटर. त्यात वारा आला. वर एका दिशेचा, मध्ये दुसऱ्या, जमिनीलगत तिसऱ्या. बॉम्बची शेपटी किंचित वाकडी बसलेली असेल तर तो आणखी वेगळ्याच वाटेनं जातो. या सगळ्या चुका एकमेकांत मिसळतात आणि खाली बॉम्ब विखरून पडतात.

दुसऱ्या महायुद्धात हे विखुरणं किती मोठं होतं याचा हिशेब खुद्द ब्रिटिश सरकारनं करून घेतला. बट नावाच्या एका सनदी अधिकाऱ्यानं बॉम्बफेकी विमानांनी काढलेले शेकडो फोटो तपासले आणि ऑगस्ट १९४१ मध्ये अहवाल दिला. ‘आम्ही लक्ष्यावर बॉम्ब टाकले’ असं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्यापासून पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या आत पोचली होती. कारखान्यावर नव्हे, कारखान्यापासून आठ किलोमीटरच्या आत! अमेरिकेकडे नॉर्डन नावाचं नेम धरण्याचं यंत्र होतं आणि त्याची भलतीच ख्याती होती. तरी युद्धानंतर अमेरिकेनंच केलेल्या पाहणीत असं निघालं की नेम धरून टाकलेल्या बॉम्बांपैकी सुमारे २० टक्केच लक्ष्यबिंदूपासून हजार फुटांच्या, म्हणजे तीनशे मीटरच्या आत पडले होते.

याचे परिणाम केवळ तांत्रिक नव्हते. एक कारखाना पाडायचा तर शेकडो विमानं पाठवायची, हजारो बॉम्ब टाकायचे आणि आजूबाजूची वस्ती जळणार हे गृहीत धरायचं, अशी पद्धत पडली. ब्रिटिश हवाई दलानं १९४२ पासून शहरांनाच लक्ष्य केलं. त्यामागे सूडाची भावना होती, धोरण होतं. पण रात्रीच्या अंधारात शहराहून लहान काही सापडतच नव्हतं हेही कारण होतं.

सुटलेल्या बॉम्बला वाटेत वळवायचे प्रयत्न त्याच युद्धात सुरू झाले. ९ सप्टेंबर १९४३ रोजी जर्मन विमानांनी ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका बुडवली, ती ‘फ्रिट्झ-एक्स’ नावाच्या रेडिओनं हाकल्या जाणाऱ्या बॉम्बनं. बाराशेहून जास्त माणसं गेली. बॉम्बच्या शेपटीत एक जळती खूण असे. विमानातला माणूस ती खूण डोळ्यांनी पाहत, हातातल्या दांडीनं बॉम्ब डावीकडे-उजवीकडे वळवत राही. पण त्यासाठी विमानाला बॉम्ब पोचेपर्यंत शत्रूच्या डोक्यावर शहाण्या मुलासारखं सरळ उडत राहावं लागे, आणि दोस्त राष्ट्रांनी लवकरच त्या रेडिओ संदेशांत खरखर मिसळणारी यंत्रं तयार केली. अमेरिकेनंही ब्रह्मदेशातल्या पुलांवर रेडिओनं वळणारे बॉम्ब वापरले. त्यांना फक्त डावी-उजवी दिशा बदलता येई, आणि लांबट पुलासाठी तेवढं पुरे होतं.

खरा पालट व्हिएतनाममध्ये झाला, आणि तोही एका पुलापायी. हनोईच्या दक्षिणेला थान्ह होआ इथला पूल स्थानिक लोक ‘ड्रॅगनचा जबडा’ म्हणून ओळखत. १९६५ पासून अमेरिकी विमानांनी त्यावर शेकडो फेऱ्या केल्या, विमानं गमावली, वैमानिक कैदेत गेले. पुलाला पोचे पडले, रस्ता उखडला, आणि दर वेळी तो दुरुस्त होऊन वाहतूक सुरू झाली. १३ मे १९७२ रोजी एफ-४ फँटम विमानांनी त्यावर लेझरनं मार्ग दाखवलेले बॉम्ब टाकले आणि पुलाचा एक गाळा आधारावरून निखळला. शेकडो फेऱ्यांनी जे साधलं नव्हतं, ते त्या दिवशी थोड्याच विमानांनी केलं.

हे लेझर बॉम्ब टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीनं घडवले. त्या मालिकेचं नाव ‘पेव्हवे’. आणि मला यातली सगळ्यात मोठी हुशारी वाटते ती काटकसरीत. त्यांनी नवा बॉम्ब बनवलाच नाही. गोदामात पडलेल्या साध्या बॉम्बच्या नाकावर एक यंत्र बसवलं, शेपटीला मोठे पंख लावले, झालं. आजही जगातले बहुतेक अचूक बॉम्ब असेच असतात: आत तोच जुना लोखंडी बॉम्ब, बाहेर वळवण्याचा संच.

काम असं चालतं. कुणीतरी लक्ष्यावर लेझरचा झोत धरतो. तोच वैमानिक, शेजारून उडणारं दुसरं विमान, ड्रोन, किंवा डोंगरावर लपलेला एखादा सैनिक, कुणीही चालतो. झोत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा असतो आणि तो सलग नसतो, ठरावीक तालात उघडझाप करतो. हा ताल म्हणजे त्या बॉम्बचा संकेत. एकाच रणांगणावर चार लेझर चालू असले तरी प्रत्येक बॉम्ब आपलाच ताल ओळखतो. लक्ष्यावर आपटून विखुरलेला प्रकाश बॉम्बच्या नाकावरच्या संवेदकावर पडतो. हा संवेदक चार भागांत विभागलेला असतो. उजव्या भागावर जास्त प्रकाश पडला म्हणजे लक्ष्य उजवीकडे, वरच्या भागावर पडला म्हणजे वर. चारही भागांवर सारखा प्रकाश पडेपर्यंत पंख हलवत राहायचं, एवढंच त्याचं काम. सुरुवातीच्या संचांत तर पंखांना दोनच अवस्था ठाऊक होत्या: पूर्ण वळलेले किंवा सरळ. बॉम्ब झोकांड्या खात यायचा, पण यायचा बरोबर जागी.

बॉम्ब आणि क्षेपणास्त्र यांत बातम्या सर्रास गोंधळ करतात, म्हणून इथेच सांगून टाकतो. क्षेपणास्त्राला स्वतःचं इंजिन असतं. बॉम्बला नसतं. त्याच्याकडे विमानानं दिलेली उंची आणि वेग एवढीच पुंजी असते. वाटेत वळण घेतलं की त्यातली थोडी खर्च होते. फार वळावं लागलं तर लक्ष्यापर्यंत पोचायला ती पुरत नाही. म्हणून ‘मार्गदर्शित’ बॉम्बही कुठूनही सोडून चालत नाही. विमानातला संगणक आकाशातला एक टापू दाखवतो, त्याच्या आतून सोडला तरच बॉम्बला लक्ष्य गाठता येतं. साध्या बॉम्बच्या वेळी हा टापू जवळजवळ एका बिंदूएवढा होता. आता तो कित्येक किलोमीटरचा झाला, आणि वैमानिकाचा निम्मा ताण तिथेच हलका झाला.

लेझरचे गुणही त्याच्या तत्त्वातच आहेत आणि दोषही. चालत्या वाहनावर झोत धरून ठेवला तर बॉम्ब त्याच्या मागे जातो. शेवटच्या काही सेकंदांत एखादं मूल चौकटीत आलं, तर झोत मोकळ्या जागेकडे सरकवून बॉम्ब बाजूला नेता येतो, निदान तेवढी शक्यता असते. पण ढग, धूर, धूळ यांपैकी काहीही मध्ये आलं की झोत फुटतो आणि बॉम्ब पुन्हा साधा होतो.

१९९१ मध्ये हे दोन्ही दिसलं. रात्री वाळू आणि रणगाडे वेगवेगळ्या गतीनं थंड होतात. अवरक्त कॅमेऱ्यात वाळूत पुरून ठेवलेले इराकी रणगाडे ठिपक्यांसारखे उठून दिसत आणि एफ-१११ विमानं त्यांना एकेका लेझर बॉम्बनं टिपत. त्याच युद्धात ढगाळ हवेमुळे कित्येक फेऱ्या बॉम्ब न टाकता परत फिरल्या. ब्रिटिशांची तर वेगळीच पंचाईत झाली. त्यांची टोर्नेडो विमानं अगदी खालून उडून धावपट्ट्यांवर मारा करण्यासाठी तयार झालेली. काही विमानं पडल्यावर त्यांना वर सरकावं लागलं, आणि वरून साधे बॉम्ब लागेनात. लेझरचा झोत टाकणारी यंत्रणा त्यांच्याकडे पुरेशी नव्हती. शेवटी जुनी बुकॅनियर विमानं आखातात आणली गेली. ती झोत धरायची आणि टोर्नेडो बॉम्ब टाकायची.

उंचीचा हाच पेच १९९९ मध्ये कारगिलला भारतीय हवाई दलापुढे आला. खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रांमुळे सुरुवातीच्या दिवसांतच विमान आणि हेलिकॉप्टर गमावल्यावर विमानांना त्यांच्या पल्ल्याबाहेर, वरून उडणं भाग पडलं. शिखरंच पाच हजार मीटरच्या आसपास, हवा विरळ, आणि बॉम्बच्या पडण्याचं गणित सपाटीच्या हवेसाठी केलेलं. २४ जून रोजी मिराज-२००० विमानांनी टायगर हिलवरच्या ठाण्यावर लेझर बॉम्ब टाकले. अरुंद कड्यावर बसलेल्या तंबूंवर साध्या बॉम्बनं नेम साधणं किती कठीण हे वेगळं सांगायला नको: वीस मीटर चुकला की बॉम्ब दरीत.

ढगांवर उतारा सापडला तो उपग्रहांमुळे. आखाती युद्धानंतर अमेरिकेनं असा संच मागवला की ज्याला काही ‘दिसण्याची’ गरजच नसेल. तोच ‘जेडॅम’. यात शेपटीत दोन गोष्टी असतात. एक जडत्वावर चालणारी यंत्रणा: बॉम्ब कोणत्या बाजूला किती वळला आणि त्याचा वेग किती बदलला हे ती सतत मोजते आणि आपण कुठे असू याचा हिशेब ठेवते. डोळे मिटून पावलं मोजत खोलीत चालण्यासारखं हे आहे. पहिली काही पावलं बरोबर पडतात, मग चूक साचत जाते. दुसरी गोष्ट जीपीएस. पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटरवर फिरणारे उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ प्रक्षेपित करत असतात. चार उपग्रहांचे संदेश पोचायला लागलेल्या वेळातून बॉम्बला आपलं ठिकाण कळतं आणि साचलेली चूक दुरुस्त होते. जीपीएस तुटलं तरी उरलेले काही सेकंद जडत्वावर निभावतात, फक्त नेम थोडा ढिला होतो.

जेडॅम पहिल्यांदा युद्धात वापरला गेला तो १९९९ मध्ये, युगोस्लाव्हियावरच्या नेटोच्या हल्ल्यांत. बी-२ विमानं अमेरिकेतल्या मिसुरीहून निघत, वाटेत हवेतच इंधन भरत, बॉम्ब टाकून घरी परतत. तीसेक तासांची फेरी. एका विमानात असे १६ बॉम्ब मावत आणि प्रत्येकाला वेगळा पत्ता देता येई. पूर्वी ‘एका लक्ष्याला किती विमानं’ असा हिशेब असे, तो उलटून ‘एका विमानाला किती लक्ष्यं’ असा झाला. संचाची किंमत सुरुवातीला वीस हजार डॉलरच्या आसपास होती, क्रूझ क्षेपणास्त्राच्या मानानं किरकोळ. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकेच्या बाजूनं टाकलेल्या शस्त्रांपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास मार्गदर्शित होती. बारा वर्षांत चित्र उलटं झालं.

अचूकता मोजण्याची पद्धत मात्र सांगायलाच हवी, कारण तिथे वाचकाची हमखास फसगत होते. ‘या बॉम्बची अचूकता पाच मीटर’ असं छापून येतं. त्याचा अर्थ सगळे बॉम्ब पाच मीटरच्या आत पडतात असा नाही. लक्ष्याभोवती असं वर्तुळ काढायचं की निम्मे बॉम्ब आत पडतील. त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे ते पाच मीटर. उरलेले निम्मे बाहेरच! बॉम्ब नेहमीच्या गणिती पद्धतीनं विखुरतात असं धरलं, तर दुप्पट त्रिज्येत सुमारे ९४ टक्के येतात. म्हणजे शंभरातले सहा दहा मीटरच्याही पलीकडे. आणि या हिशेबात बिघडलेला संच, न उघडलेले पंख, तुटलेली तार असले बॉम्ब बहुधा धरलेलेच नसतात. ते किलोमीटरभरही भरकटू शकतात.

आता पत्त्याकडे. उपग्रहाच्या भरवशावर चालणाऱ्या बॉम्बला अक्षांश, रेखांश आणि उंची असे तीन आकडे लागतात. तिसऱ्याकडे लोकांचं लक्ष जात नाही, पण तो फार छळतो. बॉम्ब जमिनीशी ४५ अंशांच्या कोनात येत असेल आणि नोंदवलेली उंची दहा मीटरनं चुकीची असेल, तर तो दहा मीटर अलीकडे किंवा पलीकडे पडणार. म्हणून शक्यतो बॉम्ब शेवटी उभा कोसळेल अशी आखणी करतात. आणि म्हणूनच उपग्रहचित्रांवरून आकडे काढणं हे स्वतंत्र, शिकून घेण्याचं काम आहे.

हे आकडे चुकले की काय होतं? ७ मे १९९९ च्या रात्री बी-२ विमानातून सुटलेले पाच जेडॅम बेलग्रेडमधल्या एका इमारतीवर अगदी दिल्या बरहुकूम पडले. ती इमारत चीनचा दूतावास होती. तीन चिनी पत्रकार मरण पावले. अमेरिकेचा खुलासा असा की लक्ष्य होतं युगोस्लाव्हियाच्या लष्करी साहित्याची खरेदी पाहणारं एक कार्यालय. त्याची जागा नकाशावर चुकीची ठरवली गेली आणि दूतावास नव्या जागी गेल्याची नोंद तपासणीच्या याद्यांत नव्हती. चीननं हा खुलासा कधी मान्य केला नाही. कोणाचंही खरं मानलं तरी बॉम्बच्या कामगिरीत खोट काढता येत नाही.

५ डिसेंबर २००१ ची घटना तर त्याहून विलक्षण आहे. अफगाणिस्तानात कंदाहारच्या उत्तरेला अमेरिकी सैनिकांनी तालिबानच्या ठाण्यावर बॉम्ब मागवला, आणि बी-५२ मधून आलेला २००० पौंडी बॉम्ब त्यांच्याच डोक्यावर पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्यासोबतचे अनेक अफगाण मारले गेले. पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई तिथेच होते. ते किरकोळ जखमी झाले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, लक्ष्याचे आकडे काढणाऱ्या उपकरणाची बॅटरी ऐनवेळी बदलली गेली होती, आणि बॅटरी बदलल्यावर ते उपकरण स्वतःच्याच जागेचे आकडे दाखवू लागे. तेच आकडे विमानाला सांगितले गेले.

आकडे बरोबर आणि समज चुकीची, असा तिसरा प्रकारही आहे, आणि मला तो सगळ्यांत गंभीर वाटतो. १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे बगदादच्या अमिरिया भागातल्या एका काँक्रीटच्या आश्रयस्थानावर एफ-११७ विमानांतून दोन लेझर बॉम्ब पडले. अमेरिकेची माहिती अशी की ते लष्करी नियंत्रण केंद्र आहे. आत रात्रीच्या आसऱ्याला आलेली कुटुंबं होती. चारशेहून अधिक नागरिक मेले. इथे नेम, नकाशा, आकडे, सगळं जागच्या जागी होतं. छताखाली कोण आहे हे सांगणारा संवेदक बॉम्बच्या नाकावर नसतो.

शिवाय नेम कितीही बारीक झाला तरी स्फोट तेवढाच राहतो. २००० पौंडी, म्हणजे सुमारे ९०० किलोच्या मार्क-८४ बॉम्बमध्ये चारशे किलोहून जास्त स्फोटक असतं आणि त्याचे लोखंडी तुकडे शेकडो मीटर उडतात. तो दाट वस्तीत अगदी ठरलेल्या खोलीवर पडला तरी शेजारच्या घरांना त्या अचूकतेचा काय उपयोग? मे २०२४ मध्ये अमेरिकेनं इस्रायलला जाणारी २००० पौंडी बॉम्बची एक खेप रोखली, ती गाझातल्या राफासारख्या गच्च भरलेल्या शहरात त्यांचा वापर होईल या काळजीनं. म्हणूनच नेम सुधारला तसे बॉम्ब लहानही होत गेले. २५० पौंडांच्या वर्गातले छोटे बॉम्ब २००६ पासून वापरात आले. हल्ला आखताना कोणत्या वजनाचा बॉम्ब, कोणत्या कोनातून, हवेत फोडायचा की जमिनीत शिरल्यावर, याचा हिशेब होतो आणि आसपासच्या किती नागरिकांना धोका आहे याचा अंदाज बांधला जातो. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारात हे बंधन लिहिलेलं आहे: अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानानं नागरिकांची हानी जास्त होणार असेल तर हल्ला करू नये. अमेरिका, इस्रायल आणि भारत या पूरक करारात सामील नाहीत, तरी प्रमाणाचं हे तत्त्व रूढ कायदा म्हणून बहुतेक ठिकाणी मानलं जातं. ‘मानानं जास्त’ म्हणजे किती, हे मात्र कोणत्याही कलमात आकड्यात दिलेलं नाही.

बातमीत ‘लढाऊ जेटनं हल्ला केला’ असं एका ओळीत येतं, तेव्हा त्या जेटमागे अख्खा काफिला असतो. दूरवर मोठं रडार डोक्यावर घेऊन घिरट्या घालणारं विमान, इंधन पाजणारी टँकर विमानं, शत्रूची रडार आंधळी करणारी जॅमर विमानं, चालू रडारच्या लहरींचा माग काढत त्यावरच जाऊन पडणारी क्षेपणास्त्रं घेतलेली विमानं, आणि शत्रूची लढाऊ विमानं आलीच तर त्यांना अडवणारी साथीदार विमानं. प्रत्यक्ष बॉम्ब टाकणारी त्यात थोडीच. हवाई संरक्षण जाग्यावर असेल तर अचूक बॉम्ब असूनही जवळ जाता येत नाही, आणि तिथे सगळा खेळ पल्ल्याचा होतो.

युक्रेनमध्ये हे रोज दिसतं आहे. रशियानं आपल्या सोव्हिएत काळातल्या जुन्या बॉम्बांना उघडणारे पंख आणि उपग्रहावर चालणारं मार्गदर्शन जोडलं आणि २०२३ पासून ते चाळीस-पन्नास किलोमीटरवरून, युक्रेनच्या बहुतेक विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेरून सोडायला सुरुवात केली. नेम पाश्चात्त्य संचांइतका बारीक नसला तरी बॉम्ब अर्ध्या टनाचा किंवा त्याहून मोठा असला की फार फरक पडत नाही. दुसरीकडे युक्रेनला मिळालेल्या जेडॅमची धार रशियाच्या जॅमिंगनं बोथट केली. वीस हजार किलोमीटरवरून येणारा जीपीएसचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की जवळचा एखादा साधा प्रक्षेपकही त्याला बुडवू शकतो. त्यावर उपाय म्हणून काही बॉम्बांना लक्ष्याचं चित्रच आधी दिलेलं असतं. इस्रायली बनावटीचा ‘स्पाइस’ त्यातला. शेवटच्या टप्प्यात तो समोर दिसणारं दृश्य साठवलेल्या चित्राशी ताडून पाहतो आणि त्याप्रमाणे वळतो.

चित्रफितीत काय दिसतं आणि काय नाही, याचं एक उदाहरण १९९९ चंच आहे. १२ एप्रिलला सर्बियात ग्रदेलित्सा इथं नेटोच्या विमानानं कॅमेऱ्यावरून हाकल्या जाणाऱ्या शस्त्रानं रेल्वेपुलावर मारा केला, आणि त्याच वेळी प्रवासी गाडी पुलावर आली. ‘गाडी इतक्या वेगानं आली की काही करता आलं नाही’ हे पटवायला चित्रफीत दाखवली गेली. ती मूळ वेगापेक्षा जास्त वेगानं चालवली होती, हे नेटोला पुढे कबूल करावं लागलं.

बॉम्ब पडल्यानंतरचं काम म्हणजे नुकसानीची मोजदाद, आणि इथे सगळ्यांची त्रेधा उडते. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी भारतीय मिराज विमानांनी बालाकोटवर मारा केला, त्यात स्पाइस बॉम्बच होते. भारतानं मोठी हानी झाल्याचं सांगितलं, पाकिस्ताननं काही झालं नसल्याचं, आणि उपग्रहचित्रं पाहणारे तज्ज्ञ छतावरच्या खुणांवरून वाद घालत राहिले. खोल शिरून फुटणारा बॉम्ब बाहेर एक लहान भोक सोडून जातो. आत काय झालं हे वरून दिसत नाही.

२२ जून २०२५ ला तेच मोठ्या प्रमाणावर घडलं. सात बी-२ विमानांनी इराणच्या अणुकेंद्रांवर एकूण १४ बॉम्ब टाकले, एकेक बॉम्ब सुमारे १३,६०० किलोचा. त्यांतले बारा फोर्डोच्या डोंगरावर, कारण तिथलं केंद्र डोंगराच्या पोटात होतं. अमेरिकी लष्कराच्या सांगण्यानुसार हवा खेळती ठेवणाऱ्या दोन विवरांवर सहा-सहा बॉम्ब सोडले गेले. पहिल्यानं काँक्रीटचं झाकण उडवायचं आणि पुढच्यांनी त्याच भोकातून खाली जायचं. उपग्रहचित्रांत डोंगरावर सहा भोकं दिसली, म्हणजे बॉम्ब एकामागून एक त्याच जागी गेले होते. यंत्राची कामगिरी म्हणून याला तोड नाही. आणि तरी पुढचे कित्येक दिवस वॉशिंग्टनमध्ये दोन अंदाज एकमेकांशी भांडत होते. राष्ट्राध्यक्ष म्हणत होते की केंद्र पार नष्ट झालं. लष्करी गुप्तचर विभागाचा फुटलेला प्राथमिक अहवाल म्हणत होता की इराणचा कार्यक्रम काही महिनेच मागे पडला.